कपडे बदलायच्या खोलीतला वर्ग : पोहण्याच्या निमित्ताने जीवनकौशल्यं

मुलगा सोळा वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, त्यातली बरीचशी समोरच्याने नुकतीच उच्चारलेली असतात. छापलेले शब्द ओळखतो. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं त्याला लवकर उमगतं. पाण्याची ओढ लहानपणापासूनची. आठवड्यातून दोनदा वडील त्याला तरणतलावावर नेतात. पाण्यात उतरला की तो शांत होतो, हसतो, पाठीवर तरंगतो, हातपाय मारत तलावाच्या रुंदीइतकं अंतर जातो.

अडचण पाण्याबाहेर आहे. पाण्यातून निघायची वेळ झाली की तो काठ धरून बसतो. हॅन्ड ड्रायर सुरू झाला की कान झाकून ओरडतो. कपडे बदलायच्या केबिनपर्यंत पोचण्याआधीच, बोळातच, ओली चड्डी काढतो. केबिनमध्ये वडील त्याचं अंग पुसतात, कपडे घालतात, बॅग भरतात. मुलगा आता वडिलांएवढा उंच झालाय. बाकीचे लोक बघतात, कुणीतरी तक्रार करतं. घरच्यांचा प्रश्न सरळ होता : पोहणं बंद करायचं का?

हे प्रकरण कुणा एका मुलाचं नाही. या वयाच्या मुलांबाबत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे, पण यातली प्रत्येक पायरी जशी प्रत्यक्षात करतात तशीच मांडली आहे. काम करणारी माणसं चार : विशेष शिक्षिका, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी तज्ज्ञ व्यक्ती), पोहण्याचे प्रशिक्षक आणि वडील. आईचा वाटा घरी होता, आणि तो निर्णायक ठरला.

पोहणं बंद करायचं नाही, हे आधी ठरलं. त्याची दोन कारणं. पहिलं सुरक्षिततेचं. स्वमग्न मुलं पाण्याकडे ओढली जातात, नजर चुकवून निघून जातात, आणि धोका वेळेवर ओळखत नाहीत. 2017 साली अमेरिकेतल्या मृत्यूनोंदींवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान स्वमग्न मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण इतर मुलांच्या कितीतरी पटींनी जास्त आढळलं. पाण्याची ओढ असलेल्या मुलाला पाण्यापासून लांब ठेवल्याने तो सुरक्षित होत नाही. पाठीवर उलटून तरंगणं, काठ गाठणं आणि खूण मिळाल्याशिवाय पाण्यात न उतरणं, या तीन गोष्टी त्याला सुरक्षिततेकडे नेतात. दुसरं कारण शिकण्याचं. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी 2005 मध्ये मोनोट्रॉपिझमची मांडणी केली. स्वमग्न माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोल एकवटतं, हा तिचा गाभा. ज्या गोष्टीत हे लक्ष आधीच गुंतलेलं आहे तिच्या आजूबाजूची कामं शिकणं सोपं जातं. अंग कोरडं करणं, कडी लावणं, सामान मोजून भरणं हे टेबलापाशी बसून शिकवलं तर त्या मुलाच्या दृष्टीने ते कशासाठीच नसतं. पोहण्याच्या आधी आणि नंतर मात्र त्यातल्या प्रत्येक कामाला कारण असतं.

इथे एक अट पहिल्या बैठकीतच लिहून ठेवली. पोहणं हे बक्षीस नाही. बॅग नीट भरली नाही, केबिनमध्ये गोंधळ झाला, म्हणून पोहणं रद्द होणार नाही. आवडीची गोष्ट ओलीस ठेवली की मुलगा काम शिकत नाही, धास्ती शिकतो. मग आवडही मरते आणि कामही राहतं.

आधी नुसतं बघणं

सुरुवातीच्या काही फेऱ्यांत कुणीही काही शिकवलं नाही. घरातून बॅग उचलण्यापासून परत येऊन ओली चड्डी वाळत घालेपर्यंतचा क्रम 32 पायऱ्यांत लिहून काढला आणि प्रत्येक पायरीसमोर एकच अक्षर टाकलं : स्वतः केलं, खुणेने केलं, शब्दाने केलं, स्पर्शाने केलं, की दुसऱ्याने केलं. नोंद वडिलांनी ठेवायची नाही. जो मदत करतो त्याला आपण कुठे मदत करतोय हे दिसत नाही.

पायऱ्या किती बारीक करायच्या हे मुलावर अवलंबून असतं. ‘चपला काढणं’ ही या मुलासाठी एकच पायरी होती. ‘अंग पुसणं’ मात्र सात पायऱ्यांत फोडावं लागलं : केस, तोंड, दोन्ही हात, छाती-पोट, पाठ, पाय, बोटांमधली जागा. सगळं सारख्याच बारकाईने फोडत बसलं की यादी शंभरावर जाते आणि ती कुणी वापरत नाही.

नोंदींतून जे दिसलं त्याने घरचे चकित झाले. निम्म्याहून जास्त पायऱ्यांवर ‘दुसऱ्याने केलं’ असं अक्षर होतं, पण त्यातल्या बऱ्याच पायऱ्या मुलाला येत होत्या. वडील दोन सेकंद थांबले असते तर त्याने टॉवेल स्वतः उचलला असता. घाई, लोकांच्या नजरा आणि सवय या तिघांनी मिळून मुलाचं काम वडिलांच्या हातात दिलं होतं.

बाकीच्या अडचणी चार ठिकाणी गोळा झालेल्या दिसल्या : पाण्यातून बाहेर येणं, शॉवर, केबिनचं दार, आणि टी-शर्ट. टी-शर्टाचं नाव घरच्यांच्या यादीत नव्हतंच.

पाण्यातून बाहेर

पाण्याचा अंगावर सगळीकडून दाब असतो. पुष्कळ स्वमग्न मुलांना असा दाब शांत करतो. बाहेर आलं की तो दाब एका क्षणात जातो, वरून गारवा लागतो, आवाजही अचानक मोठे वाटतात. काठ धरून बसणं हा हट्ट नव्हता. म्हणून थेरपिस्टने पहिला बदल केला तो काठावरच : शिडीपाशी मोठा, जाड टॉवेल तयार ठेवायचा, बाहेर येताच तो खांद्यांवरून घट्ट गुंडाळून घ्यायचा आणि बाकावर पाच मिनिटं बसायचं. त्या पाच मिनिटांत तो पुढेमागे डुलतो, हात हलवतो. ते थांबवायचं नाही; त्याचं शरीर त्या वेळी स्वतःला सावरत असतं. ही पाच मिनिटं वेळापत्रकात लिहिलेली पायरी आहे, दयेने दिलेली सवलत नव्हे.

दुसरा भाग होता ‘किती उरलंय’ हे दिसण्याचा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात 1972 साली राज्यभर सुरू झालेल्या, स्वमग्न मुलांसाठीच्या टीच (TEACCH) कार्यक्रमाने कामाची रचना चार प्रश्नांवर बांधली : काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार, आणि पुढे काय. ‘आता पुरे’ या शब्दांत चारपैकी एकाचंही उत्तर नाही. घड्याळाने ते काम झालं नसतं, कारण पाण्यातून ते धड दिसत नाही आणि मिनिटं त्याला कळत नाहीत. प्रशिक्षकांनी काठावरच्या खांबात पाच प्लॅस्टिकच्या कड्या अडकवल्या. तलावाची रुंदी पार करून परत आलं की एक कडी काढून बादलीत टाकायची. पाचवी कडी लाल. लाल कडी टाकली की शिडी, शिडीनंतर टॉवेल.

ही युक्ती एकदा मोडली, आणि ती मोठ्यांनी मोडली. मुलगा खुशीत होता म्हणून प्रशिक्षकांनी लाल कडीनंतर ‘अजून एक’ म्हणत आणखी एक फेरी मारून घेतली. पुढच्या वेळी लाल कडी टाकूनही तो बाहेर येईना. साहजिकच होतं, लाल म्हणजे शेवट हे आता खरं राहिलं नव्हतं. जास्त पोहायचं असेल तर उतरण्याआधी खांबावर सहा कड्या लावा. संपल्यानंतर वाढवायचं नाही.

टॉवेल आणि टी-शर्ट

केबिनमधला सगळ्यात मोठा उद्रेक टी-शर्ट घालताना व्हायचा. वडिलांना वाटायचं, मुलाला घरी जायचं नसतं म्हणून तो चिडतो. थेरपिस्टने नीट पाहिलं तेव्हा कळलं की प्रश्न पाठीचा होता. पाठ ओली राहिली की सुती कापड खांद्यांखाली सरकत नाही. ते गुंडाळत जातं आणि काखांच्या रेषेत ओल्या दोरासारखं आवळून बसतं. हात वर अडकलेले, डोकं बाहेर, पाठीवर चिकट पीळ. स्पर्शाबाबत हळव्या मुलाला हे सहन होत नाही. मग तो ओरडतो, वडील कापड जोराने खाली खेचतात, पीळ आणखी आवळतो.

उपाय टी-शर्टाच्या आधीच्या पायरीत होता. पाठ पुसण्यासाठी मुलगा टॉवेल एका हातात गोळा करून मागे नेत असे आणि हात पोचेल तेवढीच जागा पुसत असे. त्याला तिरकी पद्धत शिकवली. टॉवेल लांबीत धरायचा, एक टोक उजव्या खांद्यावरून मागे सोडायचं, डाव्या हाताने ते कमरेपाशी पकडायचं, वर-खाली पाच वेळा ओढायचं. मग बाजू बदलून पुन्हा पाच वेळा. त्यासाठी टॉवेल अंगाच्या रुंदीच्या दुपटीहून लांब हवा. आखूड टॉवेलने मागचं टोक हाताला लागत नाही आणि मुलगा तिथेच सोडून देतो. टॉवेलच्या दोन्ही टोकांना रंगीत फितीचे फास शिवले. पाठीमागचं दिसत नाही, पण फास बोटांना सापडतो.

टी-शर्टही बदलला : एक माप मोठा, सैल गळ्याचा, मानेशी लेबल नसलेला. मग तो घालण्याची क्रिया शेवटाकडून शिकवली. वडील डोकं आणि हात घालून कापड बरगड्यांपर्यंत आणायचे, कमरेपर्यंतचं शेवटचं ओढणं मुलाचं. ते जमलं की वडील छातीशी थांबायचे, मग खांद्यांशी, मग फक्त कॉलर डोक्यावर ठेवायचे. शेवटाकडून शिकवल्याचा फायदा असा की प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पुरं होतं. सुरुवातीकडून शिकवलं असतं तर तो थोडं करणार आणि बाकीचं दुसरा कुणीतरी संपवणार, म्हणजे जे मोडायचं होतं तेच पुन्हा.

बॅगेची आणि लॉकरची साखळी, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या, मात्र शेवटाकडून शिकवली नाही. तिथल्या बहुतेक पायऱ्या त्याला येत होत्या, फक्त क्रम सुटत होता. म्हणून दर वेळी पूर्ण साखळी त्यानेच करायची आणि अडेल तिथेच मदत, असं ठेवलं.

मदत कशी द्यायची आणि कशी काढायची

हे या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते मुलाने नव्हे, मोठ्यांनी शिकायचं होतं.

शब्दाची मदत द्यायला सगळ्यात सोपी आणि काढायला सगळ्यात कठीण. हा मुलगा ऐकलेलं पुन्हा म्हणतो. वडील ‘टॉवेल घे’ म्हणायचे, तो ‘टॉवेल घे’ म्हणायचा आणि मग टॉवेल घ्यायचा. काही काळाने ‘टॉवेल घे’ ऐकू येणं हीच त्याच्यासाठी एक पायरी होऊन बसली. ती आली नाही तर तो उभाच राहायचा. म्हणून केबिनच्या आत बोलणं बंद करायचं ठरलं. वडिलांनी उभं राहायचं ते मुलाच्या मागे, बाजूला सरकून, म्हणजे तो प्रत्येक पायरीला त्यांच्या तोंडाकडे पाहणार नाही. थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. पाच सेकंद पुरेसे असतात असं बरेच जण धरून चालतात, पण या मुलाला ऐकलेलं, पाहिलेलं हातापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो आणि पाचव्या सेकंदाला दिलेली मदत त्याचीच सुरू झालेली हालचाल कापते.

दहानंतरही तो हलला नाही तर बोट दाखवायचं, पण टॉवेलकडे नाही, पायऱ्यांची चित्रं क्रमाने लावलेल्या चित्रपट्टीकडे. ही गोष्ट छोटी दिसते, फरक मोठा पडतो. टॉवेलकडे बोट दाखवलं तर मुलगा बोटाकडे बघायला शिकतो. पट्टीकडे दाखवलं तर पट्टी वाचायला शिकतो. बोट एक दिवस जाणार आहे, पट्टी त्याच्याजवळ राहणार आहे. स्पर्शाची मदत अगदी शेवटी, आणि तीही त्याच्या हाताखाली आपला हात देऊन. वरून हात धरून हलवलं की त्याला नको असताना सोडवून घेता येत नाही. खालून दिलेल्या हातावरून तो आपला हात कधीही उचलू शकतो.

पट्टी कशी केली तेही सांगायला हवं, कारण पहिल्या दोन निकामी झाल्या. पहिली लॅमिनेट केलेली होती, पण कागद कापला तेव्हा कडा कागदाच्या सीमेवरच कापल्या गेल्या, पाणी आत शिरलं आणि शाई पसरली. कागदाभोवती किमान 5 मिलिमीटर प्लॅस्टिकची किनार राहिली पाहिजे आणि कोपरे गोल कापले पाहिजेत. टोकदार कोपरे बोचतात आणि तिथूनच थर सुटतो. दुसऱ्या पट्टीवर चित्रं व्हेल्क्रोने लावली होती. ओलं व्हेल्क्रो नीट धरत नाही, चित्रं जमिनीवर पडायची आणि मुलगा ती गोळा करण्यात अडकायचा. तिसरी पट्टी उभी, एकसंध, तिच्या कडेला कपड्यांचा एक चिमटा. पायरी झाली की चिमटा एक घर खाली. पट्टी बॅगेच्या हुकाला अडकवायची, गळ्यात नाही. पाण्याजवळ गळ्यात दोरी नको.

प्रत्येक घरात एक फोटो आणि एक शब्द. फोटो वस्तूंचे, घरी, साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेले. कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा काढायचा नाही, तिथे इतरांचा खाजगीपणा आहे. मुलाचे स्वतःचे कपडे काढतानाचे फोटोही नकोत. सोळा वर्षांच्या माणसाचे तसे फोटो कुठल्याही फाइलमध्ये असू नयेत.

दार, कडी, खाजगीपणा

बोळात कपडे काढण्याचं कारण निर्लज्जपणा नव्हतं, हे घरच्यांना वारंवार सांगावं लागलं. ओलं कापड मांड्यांना चिकटतं, ते काढावंसं वाटतं आणि ‘कुठे’ हा प्रश्न त्याला कुणी ठोसपणे दिलेला नव्हता. लहानपणी काठावरच कपडे बदलले होते. तेव्हा चालत होतं, आता चालत नाही, पण मधे नियम बदलल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही.

‘लोकांसमोर काढायचं नाही’ हा नियम त्याच्या उपयोगाचा नाही. लोक म्हणजे कोण, समोर म्हणजे किती? नियम असा केला : कडी लागली, मग कपडे. कडीच्या उंचीवर दाराला आतून लाल कार्ड. पाण्यापासून केबिनपर्यंतच्या चालीत अंगावर टॉवेलचा सैल झगा, म्हणजे ओल्या चड्डीचा चिकटपणा सहन करायला थोडा अवधी मिळतो.

कडीचा सराव घरच्या न्हाणीघरात सुरू केला. पण घरची कडी सरकती होती आणि तलावावरची गोल फिरवायची. घरी अचूक लावणारा मुलगा तिथे दार नुसतं ढकलून कपडे काढू लागला. शिकवलेलं आपोआप दुसरीकडे लागू होईल असं धरून चालण्यावर स्टोक्स आणि बेअर या अभ्यासकांनी 1977 मध्येच बोट ठेवलं होतं : शिकवा आणि आशा धरा, ही पद्धत नव्हे. मग एका लाकडी फळीवर चार प्रकारच्या कड्या बसवल्या आणि घरी रोज थोडा वेळ त्या लावण्या-काढण्याचा सराव घेतला. प्रत्येक कडीनंतर दार ढकलून बघायचं, उघडत नाही ना. हे ‘ढकलून बघणं’च खरं कौशल्य; कडी कुठलीही असो, तपासणी तीच. केबिन निवडताना आणीबाणीत बाहेरून उघडता येणारी निवडली, आणि ती कशी उघडायची हे वडिलांना माहीत होतं.

वडील टप्प्याटप्प्याने मागे सरले : केबिनच्या आत, मग दार किलकिलं ठेवून बाहेर, मग बंद दाराबाहेर, मग खोलीच्या टोकाच्या बाकावर. दाराबाहेरचा टप्पा लांबला, कारण आतून आवाज आला नाही की वडील ‘झालं का?’ विचारायचे आणि मुलगा आतून ‘झालं का’ म्हणत थांबून राहायचा. त्यावर साधा तोडगा निघाला. मुलाने टी-शर्ट घातला की आतून दारावर दोन टकटक करायच्या. वडील तेवढीच वाट बघतात.

खाजगीपणा शिकवताना दुसरी बाजूही लागतेच. कडी लावलेल्या दाराआड कुणीही आलं तर ‘नाही’ म्हणायचं आणि बाहेर येऊन वडिलांना दाखवायचं, हे कार्डावर आणि सरावात दोन्हीकडे ठेवलं. ज्या मुलाच्या अंगाला आजवर कुणीही न विचारता हात लावत आलंय, त्याला ‘नाही’ म्हणण्याचा सराव मोठ्यांच्या विरोधातही करू द्यावा लागतो. म्हणून वडिलांना मुद्दाम ‘मी पुसू का?’ विचारायला लावलं, आणि ‘नाही’ आलं की खरोखर थांबायला लावलं.

आवाज आणि शॉवर

हॅन्ड ड्रायरचा आवाज अचानक येतो, हे त्याचं मुख्य दुखणं. सवय व्हावी म्हणून मुद्दाम ऐकवत राहण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. व्यवस्थापनाला विनंती करून मुलाच्या पोहण्याच्या वेळेत ड्रायरचं बटण बंद ठेवलं, गर्दी सुटण्याच्या दहा मिनिटं आधी पाण्यातून बाहेर पडायचं ठरवलं, आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात आवाज कमी करणारे, कानांवर लावायचे मफ ठेवले. केस पुसले की पहिलं काम मफ.

वरच्या शॉवरचे बारीक थेंब त्याला टोचतात. हाताने धरायचा शॉवर मिळाल्यावर पायांपासून वर जायचं, डोकं शेवटी, आणि नळ त्यानेच फिरवायचा. स्वतः सुरू केलेला स्पर्श सहन करणं सोपं जातं. शौचालय ही पाण्याआधीची ठरलेली पायरी. ‘लागली का?’ विचारायचं नाही. शरीराच्या आतल्या खुणा त्याला उशिरा कळतात आणि उत्तर बहुतेक ‘नाही’ येतं.

बॅग

घरी एका मोठ्या कागदावर सात वस्तूंच्या बाह्यरेषा काढल्या : टोपी, गॉगल, टॉवेल, टी-शर्ट, पॅन्ट, आतले कपडे, ओल्या कपड्यांची पिशवी. प्रत्येक वस्तू तिच्या रेषेत ठेवायची. जी रेषा रिकामी ती वस्तू राहिली. वाचून खूण करायच्या यादीत तो न ठेवलेल्या वस्तूसमोरही खूण करत असे. रिकाम्या रेषेबाबत तशी चूक होत नाही. मग वापरण्याच्या उलट क्रमाने भरायचं, जे शेवटी लागणार ते तळाशी. तोंड रुंद उघडणारी बॅग हवी, नाहीतर वरचं काढताना खालचं ओल्या जमिनीवर पडतं.

इथे जे वारंवार बिघडलं ते असं : गेल्या वेळची ओली चड्डी पिशवीतच कुबट वासासह सापडायची. याचा अर्थ साखळी घरी आल्यावर संपत नव्हती, मधेच तुटत होती. ‘चड्डी धुणं, पिळणं, वाळत घालणं’ या शेवटच्या तीन पायऱ्या पट्टीत जोडल्या आणि रिकामी पिशवी कागदावरच्या तिच्या रेषेत ठेवली की पट्टी संपते असं केलं. पिळण्यासाठी दोन्ही हात विरुद्ध दिशांना फिरवणं त्याला जड गेलं. चड्डी नळाला वेढून दोन्ही टोकं एकाच दिशेने पिरगाळायला शिकवल्यावर जमलं.

बदल

त्याचा लॉकर सात नंबरचा. एकदा सात नंबर भरलेला होता आणि त्या दिवशी पोहणं झालंच नाही. तो लॉकरला धडका देत राहिला. अशा वेळी सूचना देत राहणं व्यर्थ असतं, त्या आत पोचत नाहीत. वडिलांनी बरोबर केलं : माणसं बाजूला केली, बोलणं थांबवलं, मफ दिले, त्याच्याभोवती जागा ठेवली आणि वाट पाहिली.

पुढचं काम शांत दिवशी, घरी. कपाटाच्या खणांना आकडे चिकटवले. आवडीची वस्तू कधी सातमध्ये, कधी सातवर ‘भरलं’ असं कार्ड आणि वस्तू चारमध्ये. कार्डावरची ओळ : सात भरलं, तर मोकळा कुठलाही. सुरुवातीचे बदल मुद्दाम सुखाचे ठेवले, म्हणजे ‘बदल’ हे कार्ड दिसलं की पोटात गोळा येणार नाही. तलाव बंद असल्याचं कळलं की ‘बदल’ कार्डाशेजारी त्या दिवशी काय करायचं याचं कार्ड लागतंच. नुसतं ‘नाही’ दाखवायचं नाही.

घरी काय झालं

तलावावर स्वतः पाठ पुसणारा मुलगा घरी आंघोळीनंतर हात वर करून उभा राही आणि आई पुसून देई. सकाळच्या घाईत दुसरं शक्यही नव्हतं. आईला दोष देण्यात अर्थ नव्हता. वेळ बदलायला हवी होती. सुट्टीच्या दिवशीची संध्याकाळची आंघोळ आधी त्याच्या हातात दिली, फास लावलेला दुसरा टॉवेल घरासाठी शिवला, तीच पट्टी न्हाणीघरात लावली. ते बसल्यावर मगच शाळेच्या दिवसांची सकाळ घेतली. कामाला वेळ थोडा जास्त लागतो, त्यामुळे घरचा गजर पंधरा मिनिटं आधी वाजतो. आमच्या मते सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा बदल, कारण तलाव आठवड्यातून दोनदा असतो आणि आंघोळ रोज.

नोंदी पुढेही ठेवल्या, पण ‘किती टक्के जमलं’ हा आकडा काढला नाही. कुठल्या पायरीवर मदत अडकून बसली आहे ते बघितलं. एकच पायरी सलग तीन-चार वेळा पुढे सरकली नाही तर मदत वाढवायची नाही. पायरी बारीक करायची, नाहीतर वस्तू बदलायची. पॅन्टचं बटण असंच अडलं होतं. त्यासाठी आठवडे घालवण्याऐवजी इलॅस्टिकची पॅन्ट आणली. बटण शिकायचंच असेल तर कोरड्या हातांनी, घरी, वेगळ्या वेळी.

आज तो बहुतेक साखळी पट्टी बघून स्वतः करतो, वडील बाकावर असतात. केस अजून नीट कोरडे होत नाहीत. दुसऱ्या एका तलावावर नेऊन पाहिलं तेव्हा कडी आणि लॉकर जमले, पण तिथला शॉवर दाबायच्या बटणाचा, मधेच बंद पडणारा. त्यावर काम चालू आहे. पाण्यात तो उतरतो ते काठ शिवून, प्रशिक्षकांच्या हाताची खूण बघूनच. गॉगलशिवाय तोंड पाण्यात घालण्याचा सराव आता सुरू केलाय, कारण चुकून पाण्यात पडणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल नसतो. कपड्यांसकट तरंगण्याचा सराव त्यानंतर. स्वमग्न व्यक्तींमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घेतला होता आणि तो दर वर्षी पुन्हा घ्यायचा असं ठरलंय. कपडे बदलायच्या खोलीतून वडील मागे सरले तसे पाण्याजवळून कुणी सरकणार नाही. तो पाण्यात असेपर्यंत एक ठरलेलं माणूस, हातात फोन न घेता, फक्त त्याच्याकडे बघत काठावर असतं, आणि ही पायरी पट्टीतून कधीच काढायची नाही असं सगळ्यांनी लिहून दिलं आहे.